माइग्रेशननंतर वेब सर्व्हर सुरूच होत नाही? क्रमाने काय काय बघायचं

माइग्रेशन म्हणजे साइट जुन्या मशीनवरून नव्यावर हलवणं. फाइल्स कॉपी झाल्या, डेटाबेस इम्पोर्ट झाला, कॉन्फिग जशीच्या तशी नव्या मशीनवर आणली, आणि स्टार्टची कमांड दिली तर टर्मिनल म्हणतं जॉब फेल. जुन्या मशीनवर हीच कॉन्फिग वर्षानुवर्षं चालत होती, त्यामुळे डोक्यात पहिला विचार हाच येतो की कॉन्फिग तर बरोबर आहे मग बिघडलं कुठे. तर होतं असं की कॉन्फिग बरोबरच असते, पण ती ज्या गोष्टींच्या भरवशावर चालत होती त्या कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये कधी नव्हत्याच. एखादा यूजर, लॉगचं एखादं फोल्डर, एखादं मॉड्यूल, जुना आयपी, होस्ट्स फाइलमधली एक ओळ. घर बदलताना सामान सगळं आलं पण नळाचं आणि लाइटचं कनेक्शन जुन्या घरातच राहिलं, तसं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मनात एकच प्रश्न ठेवा: जुन्या मशीनवर असं काय होतं जे इथे आलंच नाही?

हे सगळं लिनक्सवरच्या एनजिनएक्स आणि अपाचे या दोन वेब सर्व्हरसाठी आहे. कमांड मी इथे बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरात करा, आणि जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय कारण लिनक्सला छोट्या-मोठ्या अक्षराने फरक पडतो.

सुरू करायच्या आधी हाताशी काय हवं

- दोन्ही मशीनवर रूट किंवा सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराचा, अ‍ॅक्सेस. जुनं मशीन अजून चालू हवं, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण अर्धी उत्तरं तिथे जाऊन बघूनच मिळतात. माइग्रेशन झालं म्हणून त्याच दिवशी जुनं मशीन डिलीट करू नका प्लीज.
- जुन्या मशीनवरच्या पूर्ण /ईटीसी फोल्डरची (सेटिंग इथेच असतात) टार फाइल, म्हणजे सगळं एकत्र बांधलेली एक फाइल, फक्त वेब सर्व्हरच्या फोल्डरची नाही.
- दोन्हीकडच्या ओएसचं आणि वेब सर्व्हरचं व्हर्जन. एनजिनएक्ससाठी 'एनजिनएक्स -व्ही', व्ही मोठा, म्हणजे कुठल्या मॉड्यूलसकट बनवलाय तेही दिसतं. अपाचेसाठी 'अपाचेसीटीएल -एम', एम मोठा, ही लोड झालेल्या मॉड्यूलची यादी देते. दोन्ही मशीनचं आउटपुट शेजारी शेजारी ठेवा.
- होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधला कन्सोल. फायरवॉलशी खेळताना एसएसएच तुटलं तर आत शिरायला हाच रस्ता उरतो.
- एक साधी टेक्स्ट फाइल, काय बदललं ते लिहून ठेवायला.

१. कशालाही हात लावायच्या आधी पहिली एरर वाचा

'सिस्टमसीटीएल स्टेटस एनजिनएक्स' ही कमांड सगळे देतात, पण ती लॉगच्या शेवटच्या दहाच ओळी दाखवते, त्यात लांब ओळी कापल्या जातात. आणि शेवटची ओळ कायम हीच असते की सर्व्हिस सुरू करता आली नाही, जे आपल्याला आधीच माहितीये. खरं कारण त्याच्या वर असतं. म्हणून 'जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -बी --नो-पेजर' द्या आणि वरून खाली वाचा. एनजिनएक्समध्ये चौकोनी कंसात 'इमर्ज' लिहिलेली पहिली ओळ शोधा. अपाचेमध्ये मेसेजच्या सुरुवातीला एएच आणि पाच आकडी नंबर असतो, तो नंबर उतरवून घ्या, पुढे सर्च करायला तोच सगळ्यात उपयोगाचा.

वॉर्निंग आणि एरर यातला फरक इथे नीट समजून घ्या. अपाचेचा एएच००५५८, म्हणजे सर्व्हरचं पूर्ण डोमेन नाव ठरवता आलं नाही असं सांगणारा मेसेज, ही फक्त वॉर्निंग आहे, त्याने सर्व्हर अडत नाही. पण स्क्रीनवर सगळ्यात वर तोच दिसतो आणि लोक तासन् तास सर्व्हरनेमच्या मागे लागतात. तसंच एनजिनएक्समध्ये एकच डोमेन दोन फाइलमध्ये असेल तर 'कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम' येतं, तीही वॉर्निंगच, नंतर निस्तरा.

सर्व्हिसच सापडत नाही असा मेसेज आला तर नाव तपासा. डेबियन आणि उबुंटूवर अपाचेच्या सर्व्हिसचं नाव 'अपाचे२' आहे, रेड हॅटच्या घराण्यात 'एचटीटीपीडी'. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तेव्हापासून बरेच जण तिथून उबुंटूवर येतात, आणि मग जुन्या स्क्रिप्टमध्ये, क्रॉनमध्ये, लॉग रोटेटमध्ये जुनंच नाव राहिलेलं असतं.

अजून एक: घाईघाईत पुन्हा पुन्हा स्टार्ट मारलं की सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम, म्हणतो 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली'. डीफॉल्टने दहा सेकंदात पाचपेक्षा जास्त प्रयत्न तो चालू देत नाही. हे मूळ कारण नव्हे, 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' द्या आणि मागे जाऊन खरी एरर वाचा.

या टप्प्यावर तीन गोष्टी करायच्या नाहीत. वेब सर्व्हर काढून परत इन्स्टॉल करायचा नाही, परमिशन ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळे अधिकार) करायची नाही, आणि एका वेळी दोन बदल करायचे नाहीत, कारण सुरू झालाच तर कशामुळे झाला ते कळत नाही आणि पुढच्या रीबूटला परत तिथेच येऊन बसता.

२. कॉन्फिगची टेस्ट चालवा, आणि सुडोनेच चालवा

एनजिनएक्ससाठी 'सुडो एनजिनएक्स -टी', अपाचेसाठी 'सुडो अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट'. चूक असेल तर फाइलचं नाव आणि ओळ नंबर दोन्ही मिळतं. सुडो विसरलात तर सर्टिफिकेटची की वाचता आली नाही, लॉग उघडता आला नाही अशा परमिशनच्या एरर येतात ज्यांचा मूळ प्रॉब्लेमशी काही संबंध नसतो, आणि मग माणूस भलत्याच दिशेला जातो. उबुंटूवर थेट 'अपाचे२' ही कमांड चालवू नका, तिला जे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागतात ते अपाचेसीटीएल भरतं, तुम्ही थेट चालवलं की ते रिकामे राहतात आणि रन डिरेक्टरी डिफाइन नाही वगैरे नवीनच एरर बघायला मिळते.

टेस्ट पहिल्या चुकीवरच थांबते. म्हणजे एक चूक दुरुस्त केली की दुसरी दिसणार, ती केली की तिसरी. एरर बदलली म्हणजे आपण पुढे सरकलो, घाबरू नका.

'एनजिनएक्स -टी' मध्ये टी मोठा टाकला तर सगळ्या इन्क्लूड केलेल्या फाइलसकट पूर्ण कॉन्फिग एकत्र छापून मिळते. दोन्ही मशीनवर हे काढून डिफ कमांडने तुलना करा, माइग्रेशनसाठी याहून चांगलं हत्यार नाही.

आणि टेस्ट पास झाली म्हणजे सर्व्हर सुरू होणारच असं नाही. पोर्ट आधीच दुसऱ्या कोणी घेतलेला असेल तर एनजिनएक्सची टेस्ट त्याबद्दल काही बोलत नाही, ते स्टार्ट करतानाच कळतं. त्याची पायरी पुढे आहे.

३. 'अननोन डायरेक्टिव्ह' किंवा 'इनव्हॅलिड कमांड' आलं तर

म्हणजे कॉन्फिगमध्ये असा शब्द आहे जो या सर्व्हरला समजत नाही. बहुतेक वेळा कारणं दोनच: मॉड्यूल नाही, किंवा व्हर्जन बदललं.

अपाचेमध्ये रीराइट इंजिनची ओळ ओळखली नाही तर 'सुडो ए२एनमॉड रीराइट' आणि मग रीस्टार्ट. प्रॉक्सी, हेडर्स, एसएसएल यांचंही असंच. साइटच्या कॉन्फिगमध्ये पीएचपी व्हॅल्यूच्या ओळी असतील आणि नव्या मशीनवर पीएचपी आता एफपीएमने, म्हणजे अपाचेच्या बाहेर वेगळ्या प्रोसेसमधून, चालणार असेल तर त्या ओळी अपाचेला कळणारच नाहीत, त्या सेटिंग एफपीएमच्या पूल फाइलमध्ये न्याव्या लागतात. याच ओळी एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये असल्या तर सर्व्हर सुरू होतो पण साइटवर ५०० एरर येते, हेही लक्षात ठेवा.

फार जुन्या मशीनवरून येत असाल तर अपाचे २.२ आणि २.४ मधला फरक आडवा येतो. २.४ आलं २०१२ साली, तरी २.२ च्या कॉन्फिग अजून फिरतायत. जुन्यात 'ऑर्डर अलाऊ, डिनाय' आणि 'अलाऊ फ्रॉम ऑल' लिहायचे, नव्यात त्याच्या जागी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड'. अ‍ॅक्सेस कॉम्पॅट नावाचं मॉड्यूल लावून जुनं चालवता येतं, पण माझं मत विचाराल तर हलवतानाच बदलून टाका, जुनी आणि नवी पद्धत एकाच साइटमध्ये मिसळली की कोणाला परवानगी आहे आणि कोणाला नाही हे कोणालाच धड सांगता येत नाही. आणि डेबियन-उबुंटूवर साइटच्या फाइलचं नाव '.कॉन्फ' ने संपायला लागतं, नाहीतर अपाचे ती वाचतच नाही, एररही देत नाही.

एनजिनएक्समध्ये 'एसएसएल ऑन' ही जुनी ओळ १.२५.१ व्हर्जनपासून काढूनच टाकलीये. ती ओळ उडवा आणि लिसन ४४३ च्या पुढे एसएसएल लिहा. डायनॅमिक मॉड्यूलच्या फाइल जुन्या मशीनवरून उचलून आणल्या असतील तर 'नॉट बायनरी कम्पॅटिबल' येणार, कारण मॉड्यूल ज्या बिल्डसाठी बनलंय त्याच्याशी जुळावं लागतं. त्या फाइल टाका, तेच मॉड्यूल नव्या ओएसच्या पॅकेजमधून घ्या. आणि पहिल्याच ओळीतला एकदम साधा शब्द 'अननोन' म्हणत असेल, ओळ डोळ्याला शंभर टक्के बरोबर दिसत असेल, तर फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून गेली होती का आठवा. फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाचे न दिसणारे बाइट चिकटतात, 'हेड' चं आउटपुट 'एक्सएक्सडी' मधून बघितलं की ईएफ बीबी बीएफ दिसतात.

एकूणच मी सांगेन की जुनी मुख्य कॉन्फिग फाइल नव्यावर पूर्ण ओव्हरराइट करू नका. नव्या ओएससोबत जी मुख्य फाइल आलीये ती राहू द्या, तिच्यात यूजर, पीआयडीची जागा, मॉड्यूलचे पाथ हे त्या ओएसप्रमाणे बरोबर असतात. फक्त आपल्या साइटचे ब्लॉक आणा, आणि मुख्य फाइलमध्ये आपण मुद्दाम केलेले बदल एक एक करून टाका.

४. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'

एनजिनएक्समध्ये कंसात २ हा नंबर दिसतो. सगळ्यात जास्त वेळा हे लॉगचं फोल्डर असतं. साइटसाठी /व्हार/लॉग/एनजिनएक्स च्या आत वेगळं फोल्डर केलेलं असतं, लॉग कोण कॉपी करतो म्हणून ते राहून जातं, आणि सर्व्हर लॉगची फाइल स्वतः बनवतो पण फोल्डर बनवत नाही. अपाचेचंही तसंच. फोल्डर बनवा, काम झालं.

दुसरा नंबर सर्टिफिकेटचा, आणि इथे जरा थांबून वाचा. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं 'लाइव्ह' फोल्डर जे असतं ना, त्यात खऱ्या फाइल नसतात, शेजारच्या 'आर्काइव्ह' फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. नुसतं लाइव्ह आणलं तर लिंक तुटतात. 'एससीपी -आर' ने आणलं तर लिंकच्या जागी खऱ्या फाइल तयार होतात, सर्व्हर सुरूही होतो, पण पुढे रिन्यू करायची वेळ आली की सर्टबॉट, म्हणजे ही सर्टिफिकेट काढणारा आणि रिन्यू करणारा प्रोग्रॅम, गोंधळतो कारण त्याला तिथे लिंक हवी असते. म्हणून पूर्ण /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट फोल्डर 'आरसिंक -ए' ने किंवा टार करून आणा, त्यात अकाउंट आणि रिन्यूअलच्या सेटिंगही येतात. सर्टबॉटने लिहिलेली एसएसएल ऑप्शनची फाइल आणि डीएच पॅरामीटरची फाइलही तिथेच असते, साइटच्या कॉन्फिगमध्ये त्यांचा इन्क्लूड असतो.

फाइल सापडली पण 'की व्हॅल्यूज मिसमॅच' आलं तर सर्टिफिकेट एका वेळचं आणि की दुसऱ्या वेळची आलीये. 'ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -पबकी -इन' पुढे सर्टिफिकेट, आणि 'ओपनएसएसएल पीकी -पबआउट -इन' पुढे की, दोघांचं आउटपुट तंतोतंत सारखं यायला हवं. 'की टू स्मॉल' आलं तर सर्टिफिकेटच जुनाट आहे, १०२४ बिटची आरएसए की नव्या ओएसच्या ओपनएसएसएलला चालत नाही, उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३.० आहे. सिक्युरिटी लेव्हल खाली करायचे उपाय सापडतील, ते करू नका, नवीन की आणि नवीन सर्टिफिकेट काढा. कीला पासफ्रेज असेल तर बूटच्या वेळी तो टाकायला कोणी बसलेलं नसतं, जुन्या मशीनवर त्याची काहीतरी सोय केलेली असणार, पासफ्रेजची फाइल किंवा स्क्रिप्ट, ती शोधून आणा.

५. यूजर

'गेटपीडब्ल्यूनॅम फेल्ड' किंवा अपाचेचं 'बॅड यूजर नेम' म्हणजे कॉन्फिगमध्ये लिहिलेला यूजर या मशीनवर नाहीच. उबुंटूवर तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असतो, रेड हॅटकडे 'अपाचे' किंवा 'एनजिनएक्स'. जुना यूजर इथे तयार करत बसण्यापेक्षा कॉन्फिगमधली ओळ नव्या ओएसप्रमाणे बदला.

नाव बदललं तरी फाइलची मालकी बदलत नाही. डिस्कवर मालकी नावाने नाही, नंबरने साठवलेली असते, रेड हॅटकडे अपाचेचा नंबर ४८, डेबियनकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा ३३. फाइल ४८ नंबरच्या मालकीच्या आल्या आणि इथे ४८ कोणीच नाही किंवा भलतंच कोणी आहे असं होतं. 'एलएस -एलएन' ने नंबर बघा आणि अपलोड, कॅश, सेशन अशी जी फोल्डर सर्व्हरला लिहायला लागतात तेवढ्यांचीच मालकी वेब सर्व्हरच्या यूजरला द्या, सरसकट सगळा कोड नको.

६. पोर्ट आणि आयपी

इथे एररच्या कंसातला नंबर फार कामाचा, चार नंबर लक्षात ठेवले की पुरे.

९८, 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज'. पोर्ट कोणीतरी आधीच घेतलाय. 'सुडो एसएस -टीएलएनपी' द्या, ८० आणि ४४३ समोर कोणाचं नाव आहे ते दिसेल. नव्या इमेजवर अपाचे आधीच बसवलेला असतो आणि तुम्ही एनजिनएक्स आणलेला, ही नेहमीची केस. कधी डॉकरचा कंटेनर असतो, कधी एनजिनएक्सचीच हाताने सुरू केलेली प्रोसेस, जी सिस्टमडीला माहीतच नाही. दुसरा सर्व्हर नको असेल तर नुसता किल करू नका, 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ' ने बंद करा, नाहीतर रीबूटला तो आधी उठून पोर्ट धरून बसेल. आणि अपाचेमध्ये ८० वर दुसरं कोणीच दिसत नसेल तर 'लिसन ८०' ही ओळ दोन ठिकाणी आहे का बघा, एक पोर्ट्सच्या फाइलमध्ये आणि एक तुम्ही आणलेल्या साइटच्या फाइलमध्ये, तो स्वतःशीच भांडत असतो.

९९, 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस'. ही तर खास माइग्रेशनचीच एरर. कॉन्फिगमध्ये कुठेतरी जुना आयपी लिहिलाय. जुना आयपी घेऊन 'ग्रेप -आरएन' ने पूर्ण /ईटीसी मध्ये शोधा, फक्त वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये नाही. आता इथे पुढचा सापळा असा की लोक जुन्याच्या जागी नवीन पब्लिक आयपी टाकतात आणि तरी तीच एरर येते, कारण बऱ्याच क्लाउडमध्ये पब्लिक आयपी मशीनवर नसतोच, बाहेरच्या बाहेर नॅट होऊन, म्हणजे पत्ता बदलून, येतो. 'आयपी अ‍ॅडर' दिलं की मशीनवर खरंच कुठला पत्ता आहे ते कळतं, बहुतेक वेळा तो दहाने सुरू होणारा खासगी पत्ता असतो. विशेष कारण नसेल तर आयपी लिहूच नका, नुसतं 'लिसन ८०' ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी हलवताना हा त्रासच नाही.

९७ म्हणजे मशीनवर आयपीव्ही६ बंद आहे आणि कॉन्फिगमध्ये चौकोनी कंसात दोन कोलनवाली लिसनची ओळ आहे. एकतर आयपीव्ही६ चालू करा नाहीतर ती ओळ काढा.

१३ म्हणजे परमिशन. साधारण १०२४ च्या खालचा पोर्ट रूटशिवाय मिळत नाही, त्यामुळे सुडो विसरलात का ते बघा. सुडो आहे, सिस्टमडीतूनच सुरू करताय, तरी १३ येतंय? मग पुढची पायरी.

७. एसईलिनक्स

साध्या परमिशनच्या वर, कुठल्या प्रोग्रॅमला काय करता येईल ते ठरवणारं लिनक्सचं हे आणखी एक कुलूप. उबुंटूवरून अल्मा, रॉकी किंवा रेड हॅटवर आलेल्यांना हे पहिल्यांदाच भेटतं. फाइलची परमिशन बरोबर, मालक बरोबर, तरी परमिशन डिनाइड. 'गेटएनफोर्स' ने 'एनफोर्सिंग' उत्तर दिलं तर 'सुडो एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट' द्या, काय अडवलं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

प्रत्येक फाइलला एक लेबल असतं आणि वेब सर्व्हरला ठराविक लेबलच्या फाइलच वाचता येतात. तुम्ही टार होम फोल्डरमध्ये उघडली आणि तिथून 'एमव्ही' ने फाइल जागेवर नेल्या, तर लेबल होम फोल्डरचंच राहतं. 'सुडो रीस्टोरकॉन -आरव्ही', आर मोठा, पुढे फोल्डरचा पाथ, याने लेबल जागेप्रमाणे लागतात. कॉन्फिग, सर्टिफिकेट आणि साइटचं फोल्डर तिन्हीवर चालवा. वेगळा पोर्ट वापरत असाल तर 'सीमॅनेज पोर्ट' ने तो एचटीटीपीच्या यादीत घालावा लागतो. आणि एनजिनएक्स मागच्या अ‍ॅपला प्रॉक्सी करत असेल, म्हणजे आलेली रिक्वेस्ट त्याच्याकडे पाठवत असेल, तर 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' हे बूलियन चालू करा, नाहीतर सर्व्हर सुरू होईल पण ५०२, म्हणजे मागच्या अ‍ॅपकडून उत्तर मिळालं नाही अशी एरर, देईल.

'सेटएनफोर्स ०' करून बघणं चालतं, पण फक्त निदानासाठी, पाच मिनिटं. त्याने सुरू झाला तर कारण कळलं, आता परत १ करा आणि लेबल नीट लावा. ते कायमचं बंद करून टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही, सर्व्हरमध्ये कोणी घुसलं तर त्याला तिथेच अडवणारी ती एक भिंत आहे.

८. 'होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम'

कॉन्फिगमध्ये प्रॉक्सीसाठी 'बॅकएंड' सारखं एखादं नाव लिहिलेलं असतं. एनजिनएक्स सुरू होतानाच ते नाव आयपीमध्ये बदलायला जातो आणि नाही सापडलं तर सुरूच होत नाही. ते नाव जुन्या मशीनच्या /ईटीसी/होस्ट्स मध्ये होतं, किंवा तिथल्या खासगी डीएनएसमध्ये. जुन्या मशीनवर 'गेटएंट होस्ट्स' पुढे ते नाव देऊन बघा काय उत्तर येतं, आणि तो आयपी नव्या मशीनवरून पोचतोय का तेही तपासा, नुसती ओळ कॉपी करून भागेलच असं नाही.

याच सुमाराला अजून एक एरर दिसू शकते, सर्व्हर नेम्स हॅश बनवता आला नाही, बकेट साइझ वाढवा. यात काही बिघडलेलं नाही. त्या साइझची डीफॉल्ट किंमत प्रोसेसरच्या कॅश लाइनवर ठरते, म्हणून तीच कॉन्फिग एका मशीनवर चालते आणि दुसऱ्यावर नाही. 'सर्व्हर नेम्स हॅश बकेट साइझ' ची ओळ एचटीटीपी ब्लॉकमध्ये टाकून ६४ किंवा १२८ करा.

९. मशीनच भरलंय का

'डीएफ -एच' आणि 'डीएफ -आय' दोन्ही बघा, जागा शिल्लक असून आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद, संपलेले असू शकतात, छोट्या छोट्या सेशन फाइल लाखांनी कॉपी झाल्या की होतं असं. माइग्रेशनची टार फाइलच रूट पार्टिशनवर पडून असते कित्येकदा. मेमरीसाठी 'फ्री -एच'. आणि इंटेल-एएमडीच्या मशीनवरून आर्मच्या मशीनवर आला असाल आणि एखादी बायनरी हाताने कॉपी केली असेल तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते, ती परत त्या मशीनसाठीच इन्स्टॉल करावी लागते.

१०. सुरू झाला, पण साइट दिसत नाही

सर्व्हिस हिरवी झाली की आधी मशीनच्या आतूनच तपासा. 'कर्ल -आय', आय मोठा, पुढे लोकलहोस्ट. मग स्वतःच्या लॅपटॉपवरून 'कर्ल --रिझॉल्व्ह' पुढे डोमेन, पोर्ट आणि नवा आयपी कोलनने जोडून आणि मग साइटचा पत्ता, म्हणजे डीएनएस न बदलता नव्या सर्व्हरवरची साइट बघता येते. ब्राउझरवर भरवसा ठेवू नका, तो अजून जुन्या सर्व्हरवर जात असेल आणि तुम्हाला वाटेल सगळं छान चाललंय.

आतून चालतंय, बाहेरून नाही: फायरवॉल. ती दोन ठिकाणी असते, मशीनवर यूएफडब्ल्यू किंवा फायरवॉलडी, आणि क्लाउडच्या पॅनेलमध्ये वेगळी. दोन्हीकडे ८० आणि ४४३ उघडा. यूएफडब्ल्यू चालू करताना एसएसएचचा पोर्ट आधी अलाऊ करा, मग एनेबल.

५०२ आला तर बहुतेक पीएचपीच्या सॉकेटचा पाथ, त्यात व्हर्जन नंबर असतो, जुन्याकडे ७.४ आणि इकडे ८.१ असेल तर फाइलच वेगळी. '/रन/पीएचपी' मध्ये काय आहे बघून कॉन्फिगमध्ये तेच लिहा. ४०३ आला आणि साइट होम फोल्डरमध्ये असेल तर उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डरची परमिशन ७५० असते, वेब सर्व्हरला आत शिरताच येत नाही. 'नेमआय -एल' पुढे पूर्ण पाथ द्या, वाटेतल्या कुठल्या फोल्डरवर अडतंय ते ओळीने दिसतं. साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये हलवणं सगळ्यात सरळ.

सगळं चाललं की 'सिस्टमसीटीएल एनेबल' करा, कारण स्टार्ट म्हणजे आत्तापुरतं आणि एनेबल म्हणजे रीबूटनंतरही. आणि मग खरंच एकदा रीबूट करा, लोक साइटवर यायच्या आधी. रीबूटनंतर पडला तर एखादी वेगळी डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटला जोडायच्या डिस्कच्या यादीत, लिहायची राहिली असेल, किंवा सर्व्हर नेटवर्कच्या आधी उठत असेल.

डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ, हलवायच्या एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आणलेला असेल तर बदल लवकर पसरतो, जुना टीटीएल मोठाच राहिला असेल तर तेवढा वेळ दोन्ही सर्व्हरवर लोक येत राहतील, तोवर जुन्यावर फॉर्म आणि ऑर्डर बंद ठेवा म्हणजे डेटा दोन जागी फुटणार नाही. डीएनएस नव्याकडे वळला की 'सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' चालवून बघा. जुन्या मशीनचा अ‍ॅक्सेस लॉग रोज उघडून बघत जा, तिथे बॉट सोडून कोणी येईनासं झालं की मगच ते बंद करा.